मैदानावरची प्रार्थना

नगर, बुधवार

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

काल फोनवर म्हणालास, तिकडे टेक्सासला तुमच्या शाळेची शुक्रवारची अमेरिकन फुटबॉलची मॅच संपली की कॅप्टन म्हणून तू सगळ्या टीमला मैदानाच्या मध्यावर प्रार्थनेला जमवायचंस, असं कोचनी सांगितलंय. आजीला ऐकून भरून आलं. मलाही बरं वाटलं. पण बोलता बोलता तू त्या नववीतल्या मुलाबद्दल सांगितलंस ना, सगळे हेल्मेट काढून गुडघ्यावर बसले की जो पाण्याच्या कूलरजवळ उभा राहून हनुवटीचा पट्टा उगाच काढत-लावत असतो, तो रात्रभर डोक्यातून गेला नाही. म्हणून लिहायला बसलो.

कोचनी ब्रेमर्टनच्या खटल्याचा दाखला दिला, तो पुरता समजून घे. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन हायस्कूलचे असिस्टंट कोच जोसेफ केनेडी 2008 पासून मॅच संपली की पन्नास यार्डांच्या रेघेवर, म्हणजे मैदानाच्या मधोमध, प्रार्थनेसाठी गुडघे टेकायचे. सुरुवातीला एकटेच. मग मुलं विचारू लागली, आम्हीही येऊ का? बघता बघता टीममधली बहुतेक मुलं यायला लागली. त्यातल्या एकाच्या वडिलांनी शाळेला सांगितलं, की आपला मुलगा देव मानत नाही, पण नाही गेलो तर खेळायला कमी मिळेल या धास्तीने तोही जाऊन बसतो. 2015 मध्ये शाळेने हरकत घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 27 जून 2022 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी केनेडी जिंकले. मात्र निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गॉर्सच यांनी ज्या प्रार्थना योग्य ठरवल्या, त्या केनेडींनी मुलं दुसरीकडे गुंतलेली असताना स्वतःपुरत्या, थोडक्यात केलेल्या होत्या. मुलांना गोळा करा, असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही.

आणि टेक्सासमधल्याच सँटा फेच्या सरकारी शाळेचा खटला आठव. तिथे मॅचच्या आधी मुलांनी मतं देऊन निवडलेला विद्यार्थी लाउडस्पीकरवरून प्रार्थना म्हणणार होता. 2000 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. खटला कुणी भरला होता? एका कॅथलिक आणि एका मॉर्मन कुटुंबाने. येशूचं नाव घेणारी दोन्ही घरं! आणि त्यांना त्रास होईल म्हणून कोर्टाने त्यांची नावं गुप्त ठेवू दिली. प्रार्थनेच्या नावाखाली प्रभूच्याच लेकरांना तोंड लपवावं लागावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आपण ख्रिस्ती लोक इथे नगरात कायम मूठभरच. माझ्या शाळेत दसऱ्याच्या आधी पाटीपूजन व्हायचं. मी मागे भिंतीपाशी उभा राहायचो. आमच्या गुरुजींनी मला कधी पुढे ओढलं नाही की कुणाला मला हसू दिलं नाही. पूजा झाली की माझ्या हातावरही बत्तासा ठेवायचे. त्या वर्गात मी परका नव्हतो, तो त्यांच्यामुळे.

तू प्रार्थना सोडावीस असं मी मुळीच म्हणत नाही. गुडघे टेक, लोक बघत असले तरी टेक. विद्यार्थी म्हणून तो तुझा हक्क आहे. कुणी आपणहून शेजारी येऊन बसला तर बसू दे. पण कॅप्टनने हाक मारली की पोरं येणारच, आणि कोणाला मैदानात उतरवायचं हे ठरवणारा कोच शेजारी उभा असेल तर नाही कोण म्हणेल? लोकांनी पाहावं म्हणून प्रार्थना करू नका, हे प्रभूने आपल्याच माणसांना बजावलंय. बायबलमधला मत्तयचा सहावा अध्याय पुन्हा वाच.

शुक्रवारी आधी सगळ्या टीमचं एकत्र काय ते बोलणं होऊ दे, त्या मुलासकट. टाळ्या, हस्तांदोलन, सगळं. मग टीम मोकळी कर आणि तू तुझ्या वाटेने प्रार्थनेला जा. कोचशी मॅचच्या आधीच बोल, नम्रपणे पण स्पष्ट. त्यांनी ऐकलं नाही तर मम्मीला सांग, ती शाळेत जाऊन भेटेल. मी पुढच्या महिन्यात येतोच आहे.

तुझा,
पप्पा