अठरा पूर्ण झाल्यावर संरक्षण सैल का पडते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेला लैंगिक अत्याचार ऑगस्ट 2024 मध्ये उघडकीस आला आणि शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश निघाले. शाळांतल्या, मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समित्यांचीही चौकशी सुरू झाली. हे सगळे हवेच होते. पण बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या व्यवसाय प्रशिक्षण कार्यशाळांचा त्यात कुणी उल्लेखही केला नाही. मी अशाच एका कार्यशाळेत हस्तव्यवसाय निदेशक आहे. कागदी पिशव्या, पणत्या, फुलवाती करायला शिकवते. माझ्याकडे येणारे सगळे कायद्याने सज्ञान आहेत. त्यांतल्या काहींना मात्र शर्टाची बटणे लावायलाही मदत लागते.

मूल अठराच्या आतले असेल तर कायदा स्पष्ट आहे. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या किंवा तशी भीती वाटणाऱ्या कुणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या कर्मचाऱ्याचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला वर्षापर्यंत. याच कायद्याच्या 2020 च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेला, अगदी क्रीडा अकादमीलासुद्धा, कायम आणि कंत्राटी अशा सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि वेळोवेळी प्रशिक्षण बंधनकारक केले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा, माहिती दडवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे असे बजावले.

आता एखादी बौद्धिक दिव्यांग मुलगी अठरा पूर्ण करून कार्यशाळेत आली असे समजा. तिची समज आणि बोलणे काल होते तेवढेच आहे. पण तिच्यासाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन संपली आणि कलम 19 ही संपले. उरला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. त्याच्या कलम 7 प्रमाणे छळ किंवा शोषण होत असल्याचे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते. कळवलेच पाहिजे असे मात्र तिथे नाही. गप्प बसणाऱ्या निदेशकाला किंवा व्यवस्थापकाला शिक्षाही नाही.

याचा परिणाम काय होतो ते सांगते. दुसऱ्या एका संस्थेतल्या माझ्या सहकारी मैत्रिणीच्या वर्गात एक चोवीस वर्षांची मुलगी होती. बोलणे चार-पाच शब्दांचे, पण वाती वळण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. ती एकाएकी वाती वळेनाशी झाली. पिशवी छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकून बसायची, आणि दुपारी व्हॅनचा हॉर्न वाजला की तिचे कपडे ओले व्हायचे. मैत्रिणीने वरिष्ठांना सांगितले. उत्तर मिळाले, "आधी आपल्यात चौकशी करू, संस्थेचे नाव आहे." त्या मुलीला कार्यालयात बसवून चौघांनी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला प्रश्न पुन्हा विचारला की आपले उत्तर चुकले असे वाटते आणि समोरच्याला आवडेल ते ती बोलू लागते. विशेष शिक्षकाला हे शिकवलेले असते, पण त्या खोलीत विशेष शिक्षक नव्हता. शेवटी व्हॅनवरच्या मदतनीसाला काढून टाकले. मुलगी पुन्हा व्हॅनमध्ये बसू लागली. तक्रार कुठेच नोंदली गेली नाही, आणि तो माणूस आज कुणाच्या व्हॅनवर आहे हे कुणी विचारलेले नाही.

वास्तविक अशा वेळी निदेशकाचे काम मोजकेच असते. काय दिसले आणि ती काय बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे, पुढचे प्रश्न विचारायचे नाहीत, पालकांना सांगायचे आणि पोलिसांना कळवायचे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 173 नुसार लैंगिक गुन्ह्यांत दिव्यांग पीडितेची माहिती तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्यासमोर घ्यावी लागते आणि त्या नोंदीचे चित्रीकरण करावे लागते. तिला ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. ही तरतूद किती निदेशकांना माहीत आहे? आम्हाला शिवण, विणकाम, मेणबत्त्या यांची प्रशिक्षणे मिळतात. प्रौढ व्यक्तीला शौचालयात मदत करताना कोणी सोबत असावे, तिचे 'नाही' कसे ओळखावे, चित्रे दाखवून तिला ते कसे शिकवावे, यावर एक दिवसही मिळत नाही. माझ्या मते हे शिवणकामाच्या आधी यायला हवे.

कलम 7 बदलणे संसदेच्या हातात आहे आणि खासदारांनी तो प्रश्न मांडावा. तोवर थांबायचे कारण नाही. आपल्या राज्यात 2022 पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याने कार्यशाळेची नोंदणी देताना आणि नूतनीकरण करताना तीन गोष्टी तपासाव्यात: व्हॅनचालकापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांची पोलीस पडताळणी, कर्मचाऱ्यांचे दरवर्षीचे सुरक्षा प्रशिक्षण, आणि संस्थाचालकांच्या नात्यागोत्यातली नसलेली एक तक्रार स्वीकारणारी व्यक्ती, जिचा फोन नंबर पालकांना आणि प्रशिक्षणार्थींना दिसेल असा दारावर लावलेला असेल.

– एक हस्तव्यवसाय निदेशक, सातारा