परतीच्या फेरीचे भाडे ठरवा

महोदय,

माझा भाचा नाशिकमध्ये रुग्णांची ने-आण करणारी गाडी सुरू करण्याच्या खटपटीत आहे. तातडीची रुग्णवाहिका नव्हे. डायलिसिस, केमोथेरपी, फिजिओथेरपी यांसाठी ठरलेल्या वारी ज्यांना जावेच लागते, पण रिक्षात चढणे ज्यांना जमत नाही, अशांसाठीची गाडी. बँकेत आणि आरटीओत त्याचे हेलपाटे चालू असले, तरी या धंद्याची पहिली शिकवणी त्याला आमच्याच घरी मिळाली, म्हणून हे पत्र.

माझ्या पत्नीचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते. १०८ ची सेवा तातडीच्या रुग्णांसाठी आहे आणि ती तशीच राहावी; इंदिरानगरातून मुंबई नाक्यापर्यंतच्या ठरलेल्या फेरीसाठी ती गाडी अडवून ठेवणे कुणालाच पटणार नाही. खासगी रुग्णवाहिका आठवड्याला तीनदा परवडत नाही. राहता राहिली रिक्षा. जाताना पत्नी कशाबशा चढतात, पण चार तास यंत्राला जोडलेल्या माणसाचा रक्तदाब उतरलेला असतो, पोटऱ्यांत गोळे आलेले असतात. एकदा एका रिक्षाचालकाने आपणहून खाली उतरून त्यांना आधार दिला, तो नेमका फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला, हात धरून वर ओढण्याचा. माणूस भला होता. त्या हातावर ताण द्यायचा नसतो, रक्तदाबसुद्धा त्या हातावर मोजत नाहीत, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून भाच्याला मी म्हटले, की रॅम्प आणि खुर्चीचे पट्टे पैसे टाकले की बसतात, मदतनीस मात्र तयार करावा लागेल. सिडकोतील वाढवलेल्या घरांचे अरुंद जिने आणि पंचवटीतील जुन्या वाड्यांच्या उंच पायऱ्या यांपुढे रॅम्प काय करणार? तेथे रुग्णाला खुर्चीसकट दोघांनी उतरवावे लागते, पायांकडच्याने पाठमोरे, एकेक पायरी चाचपत.

कागदपत्रांत पळवाट शोधू नये, हेही सांगितले. पांढऱ्या पाटीची घरची गाडी भाड्याने चालवता येत नाही आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाला येईल तसे फेरबदलही करता येत नाहीत. रुग्णवाहिकांसाठीच्या एआयएस-१२५ या मानकात चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतला ‘बी’ प्रकार, वाटेत तातडीचे उपचार लागण्याची शक्यता नसलेल्या रुग्णांच्या वाहतुकीचा, या कामाला जवळचा आहे.

खरी मेख आहे ती परतीच्या फेरीत. डायलिसिस सुरू होण्याची वेळ ठरलेली असते, घरी निघण्याची नाही. सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत जागा दाबून बसावे लागते आणि कधी कधी चक्कर ओसरायची वाट पाहावी लागते. गाडी थांबली तर तिची दुसरी फेरी बुडते, निघून गेली तर रुग्ण बाकावर ताटकळतो. एका गाडीवाल्याने आमच्याकडून सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे ‘वेटिंग’ म्हणून घेतले, तेव्हा मी भांडलो होतो. आता भाच्याची आकडेमोड पाहिल्यावर वाटते, की त्याचे मागणे चुकले नव्हते, आधी न सांगणे चुकले होते. (भांडताना पत्नी गाडीत डोळे मिटून बसल्या होत्या, हे आठवले की आजही शरम वाटते.)

तेव्हा प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने अशा वाहतुकीसाठी किलोमीटरच्या दरासोबत थांबण्याचा ताशी दर आणि जिन्यावरून उचलून नेण्याचा आकारही ठरवून द्यावा आणि तो तक्ता गाडीत लावणे बंधनकारक करावे. रुग्णालयांनी दारात अशा एका गाडीपुरती जागा राखावी. रुग्ण उतरताच ‘गाडी काढा’ म्हणून शिटी वाजवणारा सुरक्षारक्षक आम्ही अनेकदा अनुभवला आहे. २०२७ च्या सिंहस्थात शहरातले रस्ते बंद होतील, तेव्हा पासधारक वाहनांच्या यादीत या गाड्यांचा विचार आत्ताच व्हावा. पर्वणीच्या दिवशीही डायलिसिस चुकवून चालत नाही.

आपला नम्र,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक