जमिनीखाली गेलेला दिल्ली दरवाजा

पुणे, रविवार

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची फाइल मिळाली. तीन महिने खपून केलेले त्रिमितीय मॉडेल स्केचअप या आरेखनाच्या प्रोग्राममध्ये नीट दिसते, पण गूगल अर्थ प्रो या पृथ्वीचा नकाशा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याचा मागमूसही लागत नाही, असे तू लिहिले आहेस आणि शेवटी नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का, असे विचारले आहेस. कार्ड मुळीच घेऊ नकोस. असे काही झाले की आपण सगळे आधी यंत्रावर संशय घेतो; मीही एकदा त्या नादात आठ दिवस घालवले आहेत. तुझी फाइल मी माझ्या संगणकावर उघडली आणि येथेही काही दिसले नाही, तेव्हाच दोष फाइलमध्ये आहे हे उघड झाले. येथे दिसले असते आणि तुझ्याकडे दिसत नसते, तर मात्र मी तुला सेटिंगमध्ये जाऊन ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या पडद्यावर चित्र रेखाटण्याच्या दोन पद्धतींची अदलाबदल करून पाहायला सांगितले असते, आणि ते दोन मिनिटांचे काम आहे.

डावीकडच्या यादीत मॉडेलच्या नावावर दोनदा क्लिक केल्यावर दृश्य बरोबर वाड्यावर आले, म्हणजे अक्षांश-रेखांश ठीक होते. हे मी मुद्दाम तपासले, कारण माझ्या पहिल्या मॉडेलच्या वेळी मी दोन्ही आकडे उलटसुलट भरले होते आणि पुण्यातली पाण्याची टाकी थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाजवळच्या समुद्रात जाऊन उभी राहिली होती. केएमएलच्या, म्हणजे गूगल अर्थला ठिकाणे सांगणाऱ्या फाइलीच्या, निर्देशांकांत रेखांश आधी येतो आणि अक्षांश नंतर, हे शाळेपासूनच्या सवयीच्या अगदी उलट आहे.

मग गुणधर्मांच्या खिडकीत उंचीचा रकाना उघडला. तेथे तू ‘ॲब्सोल्यूट’ हा, म्हणजे समुद्रसपाटीपासून उंची मोजण्याचा, पर्याय निवडून 488 मीटर उंची भरली आहेस. माझा अंदाज असा की हा आकडा तू दरवाजासमोर उभा राहून मोबाइलवरून घेतलास. त्यात तुझी चूक नाही, आकडाही खोटा नाही. तो फक्त वेगळ्या पायापासून मोजलेला आहे. अँड्रॉइड फोनचा जीपीएस मुळात जी उंची देतो, ती डब्ल्यूजीएस 84 या, पृथ्वीचा आकार ढोबळपणे दाखवणाऱ्या गणिती लंबगोलापासूनची असते. काही ॲप तिच्यात दुरुस्ती करून दाखवतात, काही तशीच दाखवतात. केएमएलला हवी असते ती ईजीएम 96 या जिऑइडपासूनची (गुरुत्वावरून ठरवलेल्या पृष्ठभागापासूनची), म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासूनची उंची. पृथ्वीचे गुरुत्व सगळीकडे सारखे नसल्यामुळे हे दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसत नाहीत. त्यांच्यातला सर्वांत मोठा खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे आणि तेथे जिऑइड लंबगोलाच्या शंभराहून अधिक मीटर खाली जातो. त्या खळग्याचा प्रभाव आपल्यापर्यंत पोहोचतो, म्हणून पुण्यात हा फरक साठ-पासष्ट मीटरांचा पडतो. वाड्याभोवतीची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरांवर आणि तुझा दरवाजा 488 वर, म्हणजे तो एखाद्या वीस मजली इमारतीइतका खोल गाडला गेला होता. तू पुण्याच्या छायाचित्रावर त्याला शोधत होतास आणि तो बिचारा तुझ्या पायाखालीच होता.

मी उंचीचा पर्याय बदलून ‘क्लॅम्प टू ग्राउंड’ केला आणि दरवाजा वर आला. मात्र या पर्यायात मॉडेलचा फक्त मूळ बिंदू, म्हणजे जेथून त्याची मापे मोजली जातात तो बिंदू, जमिनीला टेकवला जातो, आणि तू तो बिंदू ओट्याच्या मधोमध ठेवल्यामुळे एका बाजूचा पाया मातीत रुतला आणि दुसरी बाजू अधांतरी राहिली. अशा वेळी गूगल अर्थमधल्या जमिनीला दोष देऊन उपयोग नाही. 2000 साली अंतराळयानातून झालेल्या जमिनीच्या उंचीच्या प्रसिद्ध मोजणीतसुद्धा उंचीचा एक ठिपका साधारण 30 मीटरांचा आहे. एवढ्या जाड विणीत ओटे आणि पायऱ्या कशा सापडणार? पाया एक मीटरभर खाली वाढव, म्हणजे फट झाकली जाईल. तळाचा पृष्ठभाग जमिनीशी अगदी एका पातळीत असल्यामुळे जे लुकलुकणे दिसत होते, तेही त्यानेच थांबेल.

दरवाजा वर आला खरा, पण दोन्ही कवाडे गायब होती. याचा उलगडा व्हायला मला एक संध्याकाळ लागली. गूगल अर्थ कोलाडा या स्वरूपात साठवलेल्या मॉडेलमधले फक्त त्रिकोण आणि रेषा स्वीकारते, आणि त्रिकोणांची कमाल मर्यादा 21845 इतकी आहे. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला तीनने गुणलेस की 65535 येतात, आणि 16 बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या तीच आहे. आता तुझे खिळे मोज. हत्तीने धडक देऊ नये म्हणून प्रत्येक कवाडावर ठोकलेले 72 खिळे तू हौसेने एकेक घडवले आहेस, आणि प्रत्येक शंकूला 96 बाजू दिल्या आहेस. शंकूच्या अंगाचे 96 त्रिकोण आणि लाकडात बुडालेल्या, कोणालाही कधी न दिसणाऱ्या तळाचे 94, असे 144 खिळ्यांचे मिळून 27360 त्रिकोण झाले! मी तळ काढून टाकले, बाजू आठवर आणल्या, आणि सगळे खिळे 1152 त्रिकोणांत बसले. दारे लगेच दिसू लागली. दूरवरून पाहणाऱ्याला आठ बाजूंचा खिळा गोलच वाटतो. तुझ्या मेहनतीवर पाणी पडते याचे मलाही वाईट वाटते, म्हणून मूळ मॉडेल जपून ठेव आणि नकाशासाठी ही हलकी प्रत वापर.

बाकीचे दोष किरकोळ आहेत. दगडी भिंत माझ्याकडे पांढरीफटक दिसते, कारण टेक्स्चरच्या, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या, चित्रांचा पत्ता तुझ्या संगणकाच्या सी ड्राइव्हचा आहे. केएमझेड, म्हणजे केएमएल आणि मॉडेल एकत्र बांधलेली फाइल, ही साधी झिप फाइल असते. तिच्या नावाचा शेवट बदलून झिप कर आणि आत पाहा, चित्रे मॉडेलशेजारच्या फोल्डरमध्ये ठेव, पत्ता तेथून सापेक्ष लिही, आणि नावांतली लहान-मोठी रोमन अक्षरे तंतोतंत जुळव. बुरुजाचा एक भाग आरपार दिसतो, तेथे पृष्ठभाग उलटा झाला आहे. स्केचअपमध्ये तो निळसर दिसेल, तो सुलटा करून घे.

दुरुस्त केलेली फाइल सोबत जोडली आहे. दिशेला मात्र मी हात लावलेला नाही. दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे आणि तुझा सध्या पूर्वेकडे उघडतो. हेडिंगमध्ये, म्हणजे मॉडेलची दिशा ठरवणाऱ्या आकड्यात, 90 अंश कोणत्या बाजूने वळवायचे ते तूच करून पाहा, आणि जमले की त्याचे एक चित्र मला पाठव. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र