चीनला गरिबांच्या पंगतीत बसवून कसला हिशेब?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला लाकडी लगद्याच्या, म्हणजे ज्यापासून कागद बनतो त्याच्या, आयातीवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. श्रीमंत देश एका रकान्यात, विकसनशील दुसऱ्या रकान्यात, आणि निष्कर्ष काय तर विकसनशील देशांची लगद्याची भूक वाढली! अहो, त्या दुसऱ्या रकान्यात चीन बसलाय. जगभरात जेवढा लगदा आयात होतो त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त तो एकटा उचलतो, आणि २०२१ पासून त्यांनी बाहेरची रद्दी घेणंच बंद केलं, त्यामुळे तिथल्या कागदाच्या गिरण्यांना लगदा अजूनच लागतो. चीन बाजूला काढा आणि मग बघा बाकीच्यांच्या वाट्याला काय उरतं ते. आणि सगळ्यात जास्त लगदा विकणारा ब्राझील, तोही विकसनशीलच ना? त्याचा उल्लेख एका ओळीत.

आपल्याकडे माणशी वर्षाला पंधरा-सोळा किलो कागद लागतो, जर्मनीत दीडशे किलोच्या वर. स्वीडन-फिनलंडला लगदा आणायची गरजच काय, जंगल दाराशी आहे. आयात कमी म्हणजे वापर कमी असं थोडंच असतं? आपल्या कितीतरी गिरण्या रद्दीवर चालतात, त्यातली बरीच रद्दी परदेशातून येते, ती तुमच्या लगद्याच्या आकड्यात दिसणारच नाही.

मी हे तावातावाने लिहितोय कारण हा लगदा माझ्या अंगावर आलेला आहे. छोटा छापखाना आहे, वह्याही बांधतो. २०२२ च्या जानेवारीत एका शाळेची ५००० वह्यांची ऑर्डर घेतली, दोनशे पानी, रेट ठरला, ॲडव्हान्स पण घेतला. तिकडे फिनलंडमध्ये कागद कंपनीच्या कामगारांचा संप सुरू झाला तो एप्रिलपर्यंत चालला, त्यात युक्रेनचं युद्ध, कंटेनरची भाडी आधीच आभाळाला भिडलेली, आणि आमचा कागदवाला रोज सकाळी फोन करून सांगायचा, शेठ आजचा रेट आजच, उद्याचं माहीत नाही. मार्चपर्यंत किलोमागे वीस-पंचवीस रुपये चढले. हेडमास्तरांकडे गेलो, म्हटलं सर रेट थोडा वाढवून द्या, फिनलंडला संप आहे. सर म्हणाले, "फिनलंडला संप आहे तर माझ्या पाचवीच्या पोरांनी काय करायचं?" बरोबरच होतं त्यांचं.

मग मी जे केलं ते धंद्यात सगळेच करतात, पण सांगायला लाज वाटते. दोनशेच्या १७२ पानं केली आणि कव्हरची चार पानंही त्यातच मोजली. सरांनी माझ्यासमोर बसून, थुंकी लावून लावून एक वही मोजली. पुढच्या वर्षी ऑर्डर दुसऱ्याला. त्यानेही १७२ च दिली असं ऐकलं, असो.

आता तुमच्या लेखकांनी ह्या वहीचं काय झालं ते कुठल्या रकान्यात टाकायचं ते सांगावं.

आणि विषय कागदाचाच निघालाय म्हणून, गेल्या रविवारी पहिलं पान शोधायला मला चार पानं जाहिराती उलटाव्या लागल्या, एका बाजूला फ्लॅट, दुसऱ्या बाजूला सोनं, मग परत फ्लॅट. तो कागद काय आमच्या गावच्या बाभळीचा होता का? कागद महागला म्हणून अंकाची किंमत मात्र लगेच वाढवता.

पत्र छापायचं असेल तर अख्खं छापा. मागच्या वेळी एसटी स्टँडवरच्या पत्रातला मधला परिच्छेदच उडवला होता, आणि नेमका तोच महत्त्वाचा होता.

आपला,
एक छापखानावाला, कराड