आधी झोप, मग प्रार्थना

ठाणे

प्रिय शलोमी,
प्रभूत सलाम.

तुझा मेसेज वाचला. कामं सगळी एकदम अंगावर आलीत, रात्री दोनला जाग येते, प्रार्थनेला बसलं तर शब्द फुटत नाहीत. त्यात चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी म्हणालं, विश्वास कमी पडतोय. ते आधी डोक्यातून काढ.

बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ उघड. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया पुढच्याच अध्यायात झुडपाखाली पडून मरण मागतो. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. "तू इथे काय करतोस?" हे विचारलं ते होरेब डोंगराला पोचल्यावर, ४० दिवसांच्या वाटचालीनंतर. तूही याच क्रमाने चाल. तीन-चार दिवस लांब प्रार्थना नको, उपवास तर मुळीच नको. जेवण वेळेवर, दुपारनंतर चहा-कॉफी बंद, रात्री फोन दुसऱ्या खोलीत.

मग वही घे. डोळे मिटून तीच काळजी अर्धा तास घोळवत बसायचं आणि तिला प्रार्थना म्हणायचं, हा घोळ भल्याभल्यांचा होतो; उठताना छाती आणखी जड. त्यावर स्तोत्र १३ चांगलं. सहाच वचनं: पहिल्या दोनांत नुसती तक्रार, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. तशाच सहा ओळी लिही. "मला झेपत नाही" एवढ्यावर सोडू नकोस. शुक्रवारची डेडलाइन, फ्लॅटचं भाडं, मॅनेजरचा रात्रीचा फोन, असं नावानिशी लिही. मागणी फक्त आजच्या दिवसापुरती. भरवशाच्या ओळी खऱ्या वाटत नसतील तर कोऱ्या ठेव. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहेच. दहा मिनिटांत वही मीट.

फिलिप्पै ४:६ कुणी दटावल्यासारखं ऐकवलं तर लक्षात ठेव, प्रेषित पौलाने ते पत्र कैदेतून लिहिलं, आणि त्यात "चिंता करू नका" एवढंच नाही, मागणं आणि आभारही आहेत. आभार एकाच नेमक्या गोष्टीचे मान.

लोकलच्या गर्दीत वही निघणार नाही. तिथे श्वास घेताना मनात "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "माझ्यावर दया कर". घेताना चार मोज, सोडताना सहा. सावकाश सोडलेल्या श्वासाने धडधड उतरते. घणसोली ते ऐरोली पुरे. गरगरायला लागलं तर तू श्वास फार जोरात ओढते आहेस, हलका घे.

पण ओझंच जास्त असेल तर श्वासाने किती भागणार? निर्गम १८ वाच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा. सासरा इथ्रो म्हणाला, हे बरं नाही, झिजून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम आणि अवघड तेवढंच स्वतःकडे ठेव. मोशेने ऐकलं. तुझं ऑफिस सुटणार नाही, पण संडे स्कूल, क्वायर आणि तरुण संघाचा हिशेब यांतलं एकच ठेव. माझं विचारशील तर हिशेब पहिला सोड. तो कुणीही करेल. लोक बोलतील, बोलू देत. सोडताना "बघते" म्हणू नकोस, तारीख सांग, नाहीतर काम तुझ्याच गळ्यात राहील.

दोन आठवड्यांनीही झोप-भूक परतली नाही तर डॉक्टरकडे जायचं. त्याने विश्वास उणा होत नाही. जगू नये असं वाटलं तर त्याच क्षणी मला फोन कर, आणि १४४१६ लाव. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

पाळकसाहेबांना काय सांगायचं ते तू ठरव, मी तुझ्याआधी बोलणार नाही. शनिवारी इकडे ये. रविवारी उशिरा उठलीस तरी चालेल, उपासना संध्याकाळचीही असते.

आई