वॉलेट लुटले गेले? कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

क्रिप्टो चोरीच्या बातम्या आता वरचेवर छापून येतात आणि बातमीच्या शेवटी '१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा' एवढे एक वाक्य असते. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर तो सल्ला योग्यच आहे, कारण मध्ये बँक असते आणि ती समोरचे खाते गोठवू शकते. स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या वॉलेटमधून (नाण्यांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) बिटकॉइन गेले तर मध्ये कोणीच नसते. व्यवहार उलटा फिरवण्याचा अधिकार जगात कोणाकडेही नाही. म्हणून त्या फोनच्या आधी आणि नंतर काय करायचे, हे वाचकांना नेमके कळायला हवे.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्यावी. चोराकडे आपल्या किल्लीची, म्हणजे बारा किंवा चोवीस शब्दांची अथवा प्रायव्हेट कीची, प्रत गेलेली असते. वॉलेटचा पासवर्ड फक्त आपल्या मशीनवरची फाइल उघडतो. चोरी झाल्यावर तो बदलून काहीही साधत नाही. त्याच वॉलेटमध्ये 'नवे अकाउंट' काढूनही उपयोग नाही, कारण तेही त्याच शब्दांतून तयार होते. एकाच शब्दसंचावर बिटकॉइन, इथर आणि आणखी चार चेन (ब्लॉकचेन, म्हणजे नाण्यांच्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवह्या) असू शकतात आणि चोराने कदाचित त्यातली एकच रिकामी केलेली असेल. त्यामुळे दुसऱ्या, स्वच्छ फोनवर किंवा कॉम्प्युटरवर पूर्णपणे नवे वॉलेट काढावे, नवे शब्द कागदावर लिहावेत आणि जे उरले आहे ते मोठ्या रकमेपासून सुरुवात करून तिकडे हलवावे. तक्रार अर्ध्या तासाने दिली तर चालेल, हे काम मात्र थांबू शकत नाही.

इथेरियमसारख्या चेनवर किल्ली गेली आहे, का आपणच कुठल्या तरी वेबसाइटला टोकन (चेनवरची इतर नाणी) हलवण्याची परवानगी देऊन बसलो, हे तपासता येते. एक्सप्लोररवर (चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) चोरीचा व्यवहार उघडावा. तो सुरू करणारा पत्ता आपलाच असेल आणि त्यावर आपण सही केलेली नसेल तर किल्ली फुटली आहे. व्यवहार दुसऱ्याच पत्त्याने सुरू केला असेल आणि टोकन मात्र आपल्या पत्त्यावरून गेले असतील, तर बहुतेक वेळा आधी सही केलेल्या परवानगीचा गैरवापर झालेला असतो. अशा वेळी किल्ली शाबूत असू शकते आणि ती परवानगी तातडीने रद्द करणे महत्त्वाचे ठरते. किल्ली फुटली असेल तर आणखी एक फास असतो. टोकन हलवायला गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, म्हणून थोडे इथर लागते. ते पाठवले की चोराचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) काही सेकंदांत तेच उचलतो. लोक पुन्हा पुन्हा पाठवत राहतात आणि तेही गमावतात. पहिल्यांदा गेले की थांबावे. गॅस भरणे आणि टोकन काढणे हे दोन्ही व्यवहार एकत्र बांधून थेट ब्लॉक (चेनवर चढणारा व्यवहारांचा गठ्ठा) तयार करणाऱ्यांकडे पाठवण्याची सोय आहे, पण ते जाणकाराचे काम आहे आणि ते आपल्या डोळ्यांसमोरच व्हावे.

बिटकॉइनच्या बाबतीत एक छोटी फट असते. सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक निघतो. चोराने फी कमी लावली असेल आणि व्यवहार अजून 'अनकन्फर्म्ड', म्हणजे ब्लॉकमध्ये न गेलेला, दिसत असेल, तर तीच नाणी जास्त फी लावून नव्या वॉलेटच्या पत्त्यावर पाठवण्याचा व्यवहार करता येतो. फीचा दर आणि एकूण फी, दोन्ही चोराच्या व्यवहारापेक्षा जास्त हवेत. इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटमध्ये असा व्यवहार रद्द करण्याचा पर्याय असतो, पण तो नाणी त्याच वॉलेटच्या पत्त्यावर परत आणतो, म्हणजे चोराच्या आवाक्यातच. त्या वेळी थोडी उसंत मिळते, सुटका नाही; नाणी पुढे नव्या पत्त्यावर न्यावीच लागतात. एक कन्फर्मेशन झाले की हा मार्ग बंद.

आता कॉम्प्युटरबद्दल, कारण सर्वाधिक नुकसान इथे स्वतःच्या हातानेच केले जाते. घाबरून लोक विंडोज पुन्हा टाकतात किंवा अँटिव्हायरसला 'सगळे साफ कर' सांगतात. त्याबरोबर कोणती फाइल आली, कधी आली, ती कोणत्या सर्व्हरशी बोलत होती, हा सगळा पुरावा जातो. एसएसडीवर तर पुसलेला भाग ड्राइव्ह स्वतःच आतून मोकळा करत असते, त्यामुळे नंतर प्रयोगशाळेतही फारसे हाती लागत नाही. वायफाय बंद करावे, केबल काढावी आणि मशीन आहे तसे ठेवावे. रोजच्या कामाला तेच मशीन लागत असेल तर जुनी ड्राइव्ह काढून पाकिटात घालावी, त्यावर तारीख लिहावी आणि नवी ड्राइव्ह बसवावी.

चोरी कशी झाली याची उत्तरे फार थोडी असतात. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा माहितीचोर प्रोग्रॅम ब्राउझरमधले पासवर्ड, कुकीज (लॉगइन टिकवून ठेवणाऱ्या नोंदी) आणि वॉलेटच्या फाइली काही मिनिटांत उचलून नेतो. दुसरा प्रकार बनावट अपडेटचा. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांना वॉलेटच्याच खिडकीत 'नवी आवृत्ती घ्या' असा संदेश दिसत होता; तो घुसखोर सर्व्हरकडून येत होता आणि खालची लिंक चोरांच्या आवृत्तीकडे नेत होती. जुनी आवृत्ती वापरणारे त्यानंतरही कित्येक महिने फसत राहिले. तिसरा प्रकार कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा. त्यात किल्ली जात नाही, आपणच चोराला पैसे पाठवतो. आणि शब्दांचा फोटो, ईमेलचा ड्राफ्ट किंवा पासवर्ड मॅनेजरमधली नोंद. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, तेव्हा ज्यांनी वॉलेटचे शब्द तिथे ठेवले होते आणि मुख्य पासवर्ड कमकुवत होता त्यांचा धोका पुढे अनेक वर्षे टिकला. पहिल्या प्रकारात ईमेलही चोराच्या हातात असतो हे विसरू नये. स्वच्छ मशीनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा आणि 'सर्व ठिकाणांहून लॉगआउट' करावे, कारण चोरलेल्या कुकीला पासवर्ड विचारलाच जात नाही.

यानंतर तक्रारीचा कागद. त्यात ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे व्यवहाराची ओळख सांगणारी लांब ओळ (बिटकॉइनमध्ये ६४ अक्षरांची), पूर्ण हवी. निव्वळ स्क्रीनशॉट देऊ नये; त्यातून तपास अधिकाऱ्याला ती ओळ हाताने उतरवावी लागते आणि एक अक्षर चुकले की सगळे व्यर्थ. साध्या टाइप केलेल्या फाइलमध्ये तारीख, वेळ, आयडी, आपला पत्ता, चोराचा पत्ता, नाण्यांची संख्या आणि त्या वेळची रुपयांतली किंमत लिहावी. एक्सप्लोररवरची वेळ पुष्कळदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कोणती वेळ लिहिली ते स्पष्ट करावे. बिटकॉइनच्या व्यवहारात बहुधा दोन पत्त्यांवर रक्कम जाते आणि त्यातला एक पत्ता उरलेली मोड परत घेणारा असतो, हेही पाहावे.

पुढचा माग काढताना पैसा एक्सचेंजपर्यंत (नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीपर्यंत) पोहोचला का ते पाहायचे. इथे नवखे लोक हमखास एक पायरी पुढे जातात. चोर ज्या पत्त्यावर जमा करतो तो एक्सचेंजने त्या खातेदाराला दिलेला असतो. तिथून रक्कम एक्सचेंजच्या मोठ्या सामायिक वॉलेटमध्ये जाते. सामायिक वॉलेटच्या पुढे दिसणारे व्यवहार इतर ग्राहकांचे असतात, त्यांचा पाठलाग निरर्थक आहे. पोलिसांना हवा असतो त्याच्या अलीकडचा जमा-पत्ता, कारण त्यावरूनच एक्सचेंज खातेदाराचे नाव सांगू शकते. चोराने पैसे यूएसडीटी किंवा यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनमध्ये बदलून एखाद्या पत्त्यावर ठेवले असतील तर ते ठळक लिहावे: ही टोकन काढणाऱ्या कंपन्या तपास यंत्रणेच्या मागणीवरून तो पत्ता गोठवू शकतात. बिटकॉइन किंवा इथर असे कोणालाच गोठवता येत नाही. एक्सचेंजला आपणही लगेच ईमेल करावा. ते खातेदाराची माहिती आपल्याला देणार नाहीत, पण तक्रार नोंदलेली राहते. मार्च २०२३ पासून भारतात सेवा देणाऱ्या एक्सचेंजवर मनी लाँडरिंगविरोधी कायद्याची बंधने आहेत, ग्राहकाची ओळख पटवणेही त्यात येते.

१९३० आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार द्यावीच. पण ही व्यवस्था मुळात बँक व्यवहारांसाठी उभी राहिली, म्हणून यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक, विचारला जातो. नाणी खरेदी केली तेव्हाचा यूटीआर तिथे फसवणुकीचा व्यवहार म्हणून देऊ नये. तसे केले तर ज्याने प्रामाणिकपणे नाणी विकली त्याचे खाते गोठू शकते आणि चोराकडे कोणी पाहतही नाही. तो क्रमांक मालकीचा पुरावा म्हणून जोडावा.

मालकीचा पुरावा हा प्रश्न जिथे तिथे येतो. पत्त्यावरून संदेशावर सही करून दाखवणे पुरत नाही, कारण किल्लीची प्रत असलेला चोरही तशी सही करू शकतो. बँकेचे स्टेटमेंट, एक्सचेंजवरची खरेदी, तिथून आपल्या पत्त्यावर काढल्याची नोंद आणि आयकर विवरणपत्रातला व्हीडीएचा (आभासी डिजिटल मालमत्तेचा) तपशील, ही साखळी जास्त भक्कम ठरते.

पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत नाही' असे सांगितले गेले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवावे: गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली असेल तर तीन दिवसांत सही करायची असते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ सह ६६ आणि ६६सी यांचा उल्लेख तक्रारीत असावा. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) असते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

उशीर झाला म्हणून तक्रार सोडून देऊ नये. ब्लॉकचेनवरची नोंद पुसली जात नाही. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्सचेंजमधून सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यातले ९४ हजारांहून अधिक अमेरिकी तपास यंत्रणेने जप्त केले. कोणी ब्लॉकचेन 'हॅक' केली नव्हती. आरोपीच्या क्लाउड खात्यात किल्ल्यांची फाइल सापडली होती. म्हणूनच 'आगाऊ फी द्या, तुमची नाणी हॅक करून परत आणतो' म्हणणारा प्रत्येक जण दुसऱ्यांदा लुटायला आलेला असतो, आणि तक्रारीचे शब्द सोशल मीडियावर पडताच असे लोक गोळा होतात. कोणालाही बारा शब्द सांगू नयेत, जुन्या वॉलेटचेही नाही.

एक मागणी पोलीस खात्याकडेही आहे. जप्त केलेली नाणी कोणत्या वॉलेटमध्ये गेली, त्याच्या किल्ल्या किती अधिकाऱ्यांमध्ये विभागून ठेवल्या, याची पंचनाम्यातच नोंद व्हावी आणि एकट्याच्या सहीने ती हलू नयेत. पुण्यात एका मोठ्या बिटकॉइन प्रकरणात पोलिसांना मदत करणाऱ्या तज्ज्ञांनाच नाणी वळवल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये अटक झाली होती, तेव्हा ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

आणि आपल्या वार्ताहरांना विनंती: यापुढे अशी बातमी देताना नाणी एक्सचेंजवरच्या खात्यातून गेली की स्वतःच्या वॉलेटमधून, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. खाते एक्सचेंजवरचे असेल तर वाचकाने आधी तिथे फोन करून खाते बंद करायला हवे. वॉलेट स्वतःचे असेल तर उरलेली नाणी हलवायला हवीत.

कळावे,
आपला,
एक वाचक, ठाणे