नव्या कॉलन्यांचे रस्ते एकमेकांना जोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धुळ्याच्या हद्दवाढीत आलेल्या वलवाडी, महिंदळे, मोहाडी या भागांत बिनशेती झालेल्या जमिनींवर एकामागून एक कॉलन्या उभ्या राहत आहेत. तेथील खड्डे, गटारी आणि पथदिवे यांवर पुष्कळ बोलले जाते. पण कॉलनीतला रस्ता पुढे कोठे निघतो, हे फारसे कोणी विचारत नाही.

ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी 1819 मध्ये धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केल्यावर जी नवी पेठ वसली, तिच्या समांतर गल्ल्या आजही क्रमांकांनीच ओळखल्या जातात. एका गल्लीत मिरवणूक अडली, तर माणूस आडव्या बोळातून शेजारच्या गल्लीत शिरतो आणि वाट धरतो. दोनशे वर्षांत घरे पडली, पुन्हा बांधली गेली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. गल्ल्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. रस्त्याची आखणी एकदा झाली की बदलणे जवळजवळ अशक्य असते, म्हणूनच मला आजच्या आखणीची काळजी वाटते.

आज प्रत्येक गटाचा, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा, लेआउट (प्लॉट आणि रस्त्यांची आखणी) स्वतंत्र मंजूर होतो. विकास आराखड्यात मोठे रस्ते दाखवलेले असतात, परंतु आतले रस्ते जमीनमालकाच्या सोयीने पडतात आणि अनेकदा बांधापाशी येऊन थांबतात, कारण पलीकडच्या लेआउटमध्ये नेमक्या त्याच जागी प्लॉट पाडलेला असतो. मग भिंतीपलीकडच्या शाळेत जायला मुलांना मुख्य रस्त्यावरून वळसा घालावा लागतो, सगळी वाहने त्याच एका रस्त्यावर येतात आणि तो अडला की रुग्णवाहिकेलाही दुसरी वाट उरत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1975 पासून जगभरच्या नव्या वस्त्यांमध्ये रस्त्यांची परस्पर जोडणी घटत गेली आहे. अमेरिकेत मात्र 1990 च्या दशकाच्या मध्यानंतर ही घसरण उलटली, असे त्यांच्याच आधीच्या अभ्यासात दिसले.

जळगाव आणि नंदुरबारच्या वाढीलाही हेच लागू आहे. लेआउट मंजूर करताना शेजारच्या सर्व गटांचा नकाशा समोर ठेवावा, किमान दोन बाजूंना रस्ता बांधापर्यंत खुला ठेवण्याची अट घालावी आणि त्याच्या तोंडावर भिंत बांधण्यास मनाई करावी. जेथे घरे आधीच झाली आहेत, तेथे निदान पायी आणि सायकलने जाण्यापुरती वाट खुल्या जागेतून काढता येईल का, हे नगररचना विभागाने प्रत्यक्ष पाहणी करून ठरवावे.

आपला,
एक वाचक, देवपूर, धुळे